गीझर, सोलर, गॅस गीझर: घरी काय तपासायचं आणि माणूस कधी बोलवायचा

प्रश्न असा आहे: बेळगावात शहापूर भागात जुनं घर. बाथरूममध्ये १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गीझर, गच्चीवर २०० लिटरचा सोलर आणि मागच्या भाडेकरूंच्या न्हाणीत गॅस गीझर. थंडी सुरू झाल्यापासून गरम पाणी पुरत नाही, गीझरला वेळ लागतो आणि मधूनच नळाला हात लावला की मुंग्या येतात. मेकॅनिक बोलावला की तो दर वेळी कॉईल बदलून जातो. यातलं घरी काय बघायचं आणि माणूस कधी बोलवायचा?

उत्तर मुंग्यांपासूनच सुरू करावं लागेल. बाकीच्या तक्रारी आठवडाभर थांबल्या तरी बिघडत नाही, ही थांबत नाही. गीझरचा एमसीबी (वीज बोर्डावरचा, जास्त करंट गेला की पडणारा खटका) आत्ता खाली करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं, आणि तसं असेल तर बटण बंद असतानाही कॉईलपर्यंत फेज पोचलेलीच असते. एमसीबी वेगळा नसेल तर कोरड्या हाताने, पायात रबरी चप्पल घालून प्लग ओढा. वायरमन येऊन जाईपर्यंत त्या गीझरचं पाणी वापरायचं नाही. 'आधी पाणी तापवून घेऊ, मग बंद करून आंघोळ करू' ही तडजोडही नको, कारण बंद करायला विसरण्याचा दिवस येतोच.

या सगळ्या विषयात लोकांची गल्लत एकाच ठिकाणी होते. गरम पाणी आलं नाही की घाईघाईने फोन केला जातो, आणि पाणी गरम येतंय तोवर बाकीच्या खुणांकडे कुणी बघत नाही. खरं तर पाणी गार येणं हा बहुतेक वेळा निरुपद्रवी बिघाड असतो: फ्यूज गेला, थर्मोस्टॅट बिघडला, बॅटरी संपली, मिक्सर (गार-गरम पाणी मिसळणारा नळ) गळतोय. जिवावर बेततं ते पाणी छान गरम येत असताना. नळाला मुंग्या, प्लगला जळका वास, गॅस गीझरची पिवळी ज्योत, बंद पडलेला सेफ्टी व्हॉल्व्ह. यातल्या एकानेही पाणी गार होत नाही. म्हणून तापमानाच्या तक्रारी आधी स्वतः तपासा, आणि वीज, ज्योत किंवा दाब यांच्याशी संबंध असलेली खूण दिसली की तपासत बसू नका, माणूस बोलवा.

मुंग्या कुठून येतात

कॉईल म्हणजे तांब्याची किंवा स्टीलची नळी, आत तापणारी तार आणि दोन्हींच्या मध्ये विद्युतरोधक पांढरी भुकटी. नळीला बारीक चीर गेली की भुकटीत ओल शिरते आणि करंट पाण्यात आणि टाकीच्या अंगावर उतरतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत जातो. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळतोय हे ओळखून वीज तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडतो. मुंग्या येतात याचा अर्थ यातलं काहीतरी नाही, किंवा असून नसल्यासारखं आहे.

आपल्याकडे अर्थिंगची अडचण तालुक्यागणिक बदलते. अथणी, गोकाक, सौंदत्तीकडची काळी माती ओल धरते, तिथे अर्थिंग बरं लागतं. बेळगाव शहराचा बराच भाग आणि खानापूरकडे तांबडी माती आणि जांभा. तो पावसाळ्यात भिजलेला असतो, पण फेब्रुवारी-मार्चनंतर असा कोरडा पडतो की कोळसा-मिठाचा खड्डा पाणी घातल्याशिवाय नावापुरताच उरतो. पावसाळ्यात सगळं ठीक आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मुंग्या, असं होत असेल तर आधी अर्थिंगच्या खड्ड्यावर संशय घ्या. त्यात दोन-तीन घागरी पाणी घालणं घरच्याने करायचं काम. खड्डा नवा करणं आणि मीटरने मोजून घेणं वायरमनचं.

जुन्या घरांत याहून वाईट एक प्रकार असतो. दोन वायरींचंच जुनं वायरिंग, अर्थिंगची तार मुळातच नाही, आणि गीझर बसवणाऱ्याने तिसरी पिन न्यूट्रललाच जोडून दिलेली. टेस्टर लावला तर काही दिसत नाही, गीझर वर्षानुवर्षं चालतो. ज्या दिवशी पावसावाऱ्यात न्यूट्रल तुटतो किंवा जोड सुटतो, त्या दिवशी गीझरच्या धातूच्या अंगावर आणि नळांवर पूर्ण २३० व्होल्ट येतात. शहापूर, खडेबाजार, अनगोळ अशा जुन्या वस्तीतल्या घरात राहत असाल तर वायरमनकडून एवढं एक नक्की बघून घ्या. सोळा ॲम्पिअरच्या सॉकेटचं झाकण काढलं की वरच्या मोठ्या भोकाची तार कुठे जाते ते दोन मिनिटांत कळतं. ती बोअरच्या किंवा नळाच्या पाइपाला बांधलेली असेल तर तेही चुकीचंच. मध्ये कुठे प्लास्टिकचा पाइप आला की अर्थिंग तिथेच संपलं, आणि वर दोष आला की सगळ्या घराचे नळ करंटवर.

एमसीबी आहे म्हणजे शॉकपासून संरक्षण आहे, हा गैरसमज घरोघरी आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ ॲम्पिअरच्या एमसीबीला माणसाच्या अंगातून जाणारा करंट कळतसुद्धा नाही. शॉकसाठी आरसीसीबीच लागतो, आणि अर्थिंग कच्चं असलं तरी माणसाच्या अंगातून करंट वाहू लागला की तो पडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. दाबून पडला नाही तर तो निकामी आहे. आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करून देणारे मिस्त्री सगळीकडे भेटतात. अशाला परत घरात घेऊ नका.

एमसीबी बंद करूनही नळाला मुंग्या येत असतील तर दोष बहुतेक गीझरचा नाही. सोलरच्या टाकीत बॅकअप कॉईल बसवलेली असते, बहुतेक वेळा गच्चीवर उघड्या बॉक्समधून वायर जाते आणि ती बटण चालू राहून विसरलेली असते. बोअरची मोटरही असू शकते. तेव्हा मेन स्विच बंद करून वायरमन, दुसरा इलाज नाही.

गीझरचं पाणी तापत नाही, उशिरा तापतं, पुरत नाही

हे आता निवांतपणे तपासता येतं (मुंग्यांचा निकाल लागल्यावर). आधी गरम पाण्याचा नळ उघडून धार येते का बघा. गीझरमध्ये पाणी नसताना तो चालू केला की कॉईल कोरडी तापते आणि थर्मल कटआऊट (प्रमाणाबाहेर तापलं की वीज तोडणारा भाग) उडतो. नळाला रोज पाणी नसेल तिथे गच्चीवरची टाकी रिकामी होणं, धुऊन काढणं चालूच असतं, आणि टाकी धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी गीझर 'खराब' होतो तो असा. धार नसेल तर आधी पाणी भरा, हवा जाऊ द्या, मगच बटण.

धार आहे, तर दिवे बघा. पॉवरचा दिवा नसेल तर गीझरला वीजच पोचत नाही. एमसीबी आणि सॉकेट बघा. पॉवरचा दिवा आहे पण तापण्याचा नाही आणि पाणी गार आहे, तर थर्मोस्टॅट किंवा कटआऊट. कटआऊटचं रीसेट बटण झाकणाच्या आत, उघड्या जोडण्यांच्या शेजारी असतं, म्हणून ते मेकॅनिकनेच दाबायचं. आणि तो नुसता दाबून निघाला तर थांबवा. कोरडा तापल्यामुळे एकदा उडाला असेल तर ठीक, पण कारण नसताना परत उडाला तर थर्मोस्टॅट अडकलेला आहे आणि कटआऊटने तुम्हाला वाचवलेलं आहे. कटआऊट वगळून थेट जोडणी केलेला गीझर म्हणजे थर्मोस्टॅट अडकला की उकळणारी बंद टाकी.

दोन्ही दिवे लागतात पण वेळ लागतो, तेव्हा घड्याळ लावा. २ किलोवॉटच्या गीझरला १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २१ मिनिटं लागतात, २५ लिटरला ३५ मिनिटं. डिसेंबरच्या पहाटे बेळगावात टाकीतलं पाणी चांगलंच गार असतं, त्यामुळे उन्हाळ्यापेक्षा पाचसहा मिनिटं जास्त लागणं हा बिघाड नव्हे. व्होल्टेजही बघा. ते १९० पर्यंत उतरलं की २ किलोवॉटची कॉईल जेमतेम १.३६ किलोवॉट देते, आणि २१ मिनिटांची ३१ होतात. मळ्यातल्या घरांत, डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) लांब वस्तीत हे रोजचं आहे. तिथे कॉईल बदलून काही होणार नाही. शेजारच्या दोन घरांतही दिवे मंद असतील तर हेस्कॉमला (वीज कंपनीला) १९१२ वर तक्रार करा. आणि घरातले काही दिवे एकदम प्रखर, काही मंद होत असतील तर न्यूट्रल सुटलेला असण्याचा संभव आहे. तेव्हा मेन बंद करा आणि मगच फोन.

पुरत नाही, या तक्रारीचा आधी हिशेब घालू. ६० अंशांचं १५ लिटर पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळून अंगाला सोसेल असं ४० अंशांचं केलं तर होतं ३० लिटर, म्हणजे जेमतेम दोन बादल्या. प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी, कारण गरम पाणी निघतं तसं खालून गार शिरतं. चार माणसं पाठोपाठ आंघोळीला जात असतील तर गीझर निर्दोष आहे, फक्त लहान आहे.

हिशेबात बसत असूनही पुरत नसेल तर एक चाचणी बहुतेक मेकॅनिकसुद्धा करत नाहीत. गीझरला येणाऱ्या गार पाण्याचा व्हॉल्व्ह (निळ्या खुणेचा) बंद करा आणि बाथरूममधला गरम पाण्याचा नळ उघडा. थोडं सांडून धार थांबली पाहिजे. थांबली नाही आणि गार पाणी वाहतच राहिलं, तर ते कुठल्या तरी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये घुसतंय. मिक्सरचं कार्ट्रिज (आतली झडप) झिजलं किंवा मिक्सर चालू ठेवून हँड शॉवर फक्त पुढच्या टोकाशी बंद केला की असं होतं. हे प्लंबरचं काम, गीझरला हात लावायचीही गरज नाही. दर वेळी कॉईल बदलूनही तक्रार तीच राहते, त्यातल्या बऱ्याच घरांत दोष इथेच असतो.

उरला क्षाराचा प्रश्न. राकसकोप आणि हिडकलचं धरणाचं पाणी सौम्य, त्याने फारसा थर बसत नाही. बोअरचं पाणी वेगळं, आणि अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या ऊसपट्ट्यातलं तर फारच जड. ते पाणी ६० अंशांच्या पुढे तापलं की चुना भराभर खाली बसतो. कॉईल आणि थर्मोस्टॅटची नळी एकाच प्लेटवर जवळजवळ असतात. त्यांच्यामध्ये क्षार भरला की थर्मोस्टॅटला कॉईलची उष्णता थेट लागते, तो लवकर बंद होतो आणि टाकीतलं पाणी कोमट राहतं. दिवा पाचसात मिनिटांत विझतो, पाणी कोमट, तापताना आतून टकटक आवाज: अशी खूण असेल तर डिस्केलिंग लागतंय, नवी कॉईल नव्हे. मेकॅनिक प्लेट उतरवतो, कॉईल लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात (लिटरला साधारण ५० ग्रॅम) ठेवून क्षार सोडवतो, टाकीतला गाळ काढतो आणि नवं गॅस्केट घालून बंद करतो. संडास धुवायचं ॲसिड वापरू देऊ नका, आणि स्क्रू-ड्रायव्हरने खरवडूही देऊ नका. कॉईलच्या नळीला चीर तिथेच पडते. उघडलेल्याच वेळी मॅग्नेशियमची अ‍ॅनोड काडी बघायला सांगा. टाकीऐवजी झिजणं हेच तिचं काम. ती निम्म्याच्या खाली गेली किंवा आतली तार दिसायला लागली की बदलायची. बोअरच्या पाण्यावर हे सगळं वर्षातून एकदा, धरणाच्या पाण्यावर दोन-तीन वर्षांनी. थर्मोस्टॅट ५०-५५ वर ठेवला तर थर कमी बसतो आणि पोरांना भाजायची भीतीही कमी.

गळती बघताना पाणी नेमकं कुठून येतंय ते महत्त्वाचं. पाइपाच्या जोडातून येत असेल तर प्लंबर, टेफ्लॉन टेप आणि नवा कनेक्शन पाइप. खालच्या झाकणातून ठिबकत असेल तर आतल्या जोडण्या भिजताहेत, एमसीबी बंद आणि मेकॅनिक. टाकीच फुटली असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नका, आतला काचेचा लेप जळतो आणि सहा महिन्यांत शेजारी भोक पडतं. सेफ्टी व्हॉल्व्हमधून गीझर तापत असताना थोडं पाणी ठिबकणं मात्र बरोबर आहे. २५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं की ते जवळपास पावणेचारशे मिली फुगतं, आणि आत एकदिशा व्हॉल्व्ह असल्यामुळे ते मागे जाऊ शकत नाही. त्या नळीला बूच मारणं, एम-सील लावणं हा प्रकार दिसला की तिथल्या तिथे काढायचा. गीझर बंद असतानाही धार लागत असेल तर पंपाचा दाब जास्त आहे किंवा व्हॉल्व्ह गेला. प्लंबरला सांगा.

प्लगची पिन तपकिरी झालेली, सॉकेट गरम लागतंय, जळका वास येतोय: वापर बंद. २ किलोवॉटचा गीझर जवळपास ९ ॲम्पिअर ओढतो, ३ किलोवॉटचा इन्स्टंट १३. सॉकेट सोळाचंच हवं, तार पहिल्याला २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, दुसऱ्याला लांब लाइन असेल तर ४. सैल पिन घासून परत बसवणं हा उपाय नाही, प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. थंडीत खोलीत लावायचे रूम हीटरही २ किलोवॉटचे असतात आणि लोक ते सहा ॲम्पिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावतात. त्यांनाही हाच नियम.

गॅस गीझर

भाडेकरूंचा गॅस गीझर न्हाणीच्या आत असेल तर मेकॅनिकने काय बघावं हा पुढचा प्रश्न, आधी तो बाहेर काढा. घरमालक म्हणून हे तुमच्याकडेच येतं.

कारण समजून घ्या. मिनिटाला ६ लिटर देणारा गॅस गीझर तासाला एक किलोच्या आसपास गॅस जाळतो. त्याला दहा मिनिटांत सुमारे २ घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीत हवा असते ८ घनमीटर. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत पाव खोलीचा प्राणवायू संपतो, शिवाय आत माणूस श्वास घेतोय. थंडीत आपण दार, खिडकी, झरोका सगळं लावून घेतो. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांना झोंबत नाही. डोकं जड होतं, चक्कर, मळमळ, पायांतलं बळ जातं आणि माणूस खाली बसतो. कडी आतून लावलेली असते. गॅसचा वास आला नाही म्हणून सगळं ठीक, हा तर्क इथे चालत नाही, कारण गॅस गळलेला नसतो, जळलेलाच असतो. एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नका. तो बंद असू शकतो, जाळी तुंबलेली असू शकते, आणि हवा आत यायला दाराखाली फट नसेल तर तो नुसता फिरत राहतो.

गीझर बाहेरच्या भिंतीवर, वरून पावसाचं आच्छादन असलेल्या पण मोकळ्या जागी हवा, आणि आत फक्त गरम पाण्याचा पाइप. खानापूर, जांबोटीच्या बाजूला पाऊस आडवा येतो, म्हणून बाजूनेही पत्रा लागतो, पण चारही बाजूंनी पेटी करून टाकू नका.

घरच्याने बघायचं इतकंच. ठिणगीचा टकटक आवाज येत नाही: दोन मोठ्या (डी आकाराच्या) बॅटऱ्या बदला. ठिणगी पडते पण पेटत नाही: सिलिंडर संपत आलाय का बघा. ठिणगीच नाही आणि बॅटरी नवी आहे: पाण्याचा दाब कमी. टाकी गीझरच्या दोन-तीन मीटर तरी वर हवी, आणि पाणी आत येतं तिथली बारीक जाळी गाळाने तुंबलेली असते, ती काढून धुवा. रबरी नळी सुरक्षा प्रकारची, आयएसआय खुणेची, दीड मीटरच्या आत आणि पाच वर्षांच्या आतली हवी. वर्ष नळीवरच छापलेलं असतं. जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघणं सोपं आहे. काडी पेटवून बघणं हा मूर्खपणा आहे, तरी लोक करतात.

ज्योत निळीऐवजी पिवळी, वर काजळी, पेटताना 'भप्' असा आवाज: वापर बंद आणि त्या कंपनीचा मेकॅनिक. बर्नर तुंबलेला असतो किंवा हवा मिळत नसते. नळ बंद केल्यावरही ज्योत चालूच राहते हे त्याहून वाईट. पाण्याच्या व्हॉल्व्हमधली दांडी अडकली आहे. साचलेलं पाणी क्षणात उकळून वाफ होते. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, गीझरच्या बटणाशी खटपट नंतर.

गॅसचा वास आला तर: रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडा, कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका (एक्झॉस्टसुद्धा नाही), बाहेर येऊन १९०६ ला फोन. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत आणि मोरीत साठतो, म्हणून उभं राहून वास कमी लागला तरी फसू नका. न्हाणीतून आतल्या माणसाचा आवाज थांबला तर बाहेरून गॅस बंद करा, दार तोडा, मोकळ्या हवेत आणा, १०८.

हेच बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीलाही लागू. दारं-खिडक्या लावून बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. निखारे लाल झाले की धूर दिसत नाही, पण मोनॉक्साइड तेव्हाही भरपूर असतो. शेक द्यायचाच तर खिडकी उघडी ठेवून, आणि शेगडी खोलीत ठेवून झोपायचं नाही. तांब्याचा बंब अंगणात किंवा पडवीत चालतो, बंद न्हाणीत नाही.

सोलर

सोलरच्या तक्रारी बहुतेक करून सौम्य असतात. नळाशी पहिलं पाणी गार येतं ते पाइपात रात्रभर थांबलेलं. पाऊण इंची पाइपात मीटरला सुमारे तिसरा हिस्सा लिटर मावतं, १५ मीटरच्या लाइनला पाच लिटर. तेवढं बादलीत काढून धुण्याला वापरा. त्यानंतरही गार येत असेल तर गच्चीवर जा. सोलरच्या काचेच्या नळ्यांवर धूळ साठली असेल तर पहाटे धुवा, भर उन्हात गार पाणी मारू नका. प्रत्येक नळीच्या टोकाला चांदीसारखा चकचकीत डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर त्या नळीची निर्वात पोकळी गेली आणि ती नळी आता तापवत नाही. एखाददुसरी गेली तर फरक जाणवत नाही, चारपाच गेल्या की जाणवतो. खानापूरच्या जंगलपट्ट्यात माकडं नळ्या फोडतात, तिकडे जाळी हवीच.

गच्चीवर पाणी कढत आणि खाली धारच नाही, तर पाइपात हवा अडकली आहे. मिक्सरचं तोंड तळहाताने घट्ट बंद करून गार आणि गरम दोन्ही नळ मिनिटभर उघडे ठेवले की गार पाणी उलटं चढून हवेला वर ढकलतं. मात्र गार लाइनला पंपाचा किंवा नळाचा दाब असेल तरच. तोंड बंद करताना हात भाजणार नाही, इतपत पाणी गार असतानाच हे करा. परत परत होत असेल तर पाइपाचा उतार चुकलाय किंवा गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा पुरेशी उंच नाही. बसवणाऱ्याला बोलवा.

नळी बदलणं घरी करू नये. रिकाम्या तापलेल्या नळीत गार पाणी शिरलं की काच फुटते, म्हणून माहीतगार माणूस ते सकाळी लवकर किंवा सूर्य मावळल्यावर करतो. टाकीच्या वरची हवेची नळी तुंबलेली, वाकलेली किंवा कुणी बूच मारलेली दिसली तर ताबडतोब माणूस बोलवा. वाफेला वाट नाही म्हणून टाकी फुगते, आणि पाणी उपसलं की आत चेपते. पावसाळ्याचे तीन-चार महिने जिल्ह्याच्या पश्चिमेकडे सोलर जवळपास सुट्टीवरच असतो, तेव्हा बॅकअप कॉईल चालते आणि नेमका तेव्हाच तिचा गच्चीवरचा बॉक्स भिजतो. पावसात आरसीसीबी पडायला लागला की आधी तो बॉक्स.

बोलवायचं कुणाला आणि काय विचारायचं

अर्थिंग, आरसीसीबी, जळलेलं सॉकेट: परवानाधारक वायरमन. पाइप, मिक्सर, पाण्याचा दाब: प्लंबर. कॉईल, थर्मोस्टॅट, अ‍ॅनोड, गॅस गीझरचा बर्नर: त्या कंपनीचा मेकॅनिक. रेग्युलेटर आणि सुरक्षा नळी: गॅस एजन्सी. कंपनीचा नंबर गीझरवरच्या स्टिकरवरून घ्या, इंटरनेटवर पहिला दिसलेला नव्हे. वॉरंटी चालू असेल तर झाकण स्वतः उघडू नका. फोनवर लिटर, वॉट, किती वर्षांचा, पाणी बोअरचं की नळाचं, आणि वर सांगितलेल्या तपासण्यांत काय दिसलं ते सांगा. कन्नड, मराठी, हिंदी कुठल्याही भाषेत सांगा, पण 'चालत नाही' एवढंच सांगू नका, नाहीतर तो पिशवीत कॉईलच घेऊन येतो.

आणि कॉईल बदलायची म्हणाला तर आधी मीटर लावून दाखवायला सांगा. २ किलोवॉटच्या कॉईलच्या दोन टोकांमध्ये सुमारे २६ ओहम यायला हवेत, ३ किलोवॉटच्या १७-१८. आकडा आलाच नाही तर तार तुटली आहे. २६ आले तरी तेवढ्यावर कॉईल चांगली ठरत नाही. टोक आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) मोजलं तर एक मेगओहमच्या वर हवं, त्याखाली असेल तर ती गळकी आहे आणि तुमच्या मुंग्यांचं मूळ तिथे असू शकतं. दोन्ही आकडे चांगले आले तर कॉईल बदलू देऊ नका, थर्मोस्टॅट, क्षार आणि मिक्सर बघायला लावा. बदललीच तर जुनी कॉईल घरी ठेवून घ्या. पुढच्या वेळी वायरमन आला की त्याच्याकडून मोजून घेता येते.